ढोपरवेशीतले पायांचे क्षौर

ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची नाही, असे आत्याने मला बजावले आहे. गावातले पुरुष सांगतात ती वेगळी, आणि पाहुण्यांना तेवढी पुरे, असे तिचे म्हणणे. पण तुम्ही मघापासून पायांवरून वाद घालत आहात आणि आत्या भज्यांच्या कढईपाशी अडकली आहे, म्हणून सांगते.

समोर दिसते ती ढोपरवेस. पठारावरून खाली उतरायला ही एकच वाट. बाकी सगळीकडे कडा आहे. वेशीच्या डाव्या हाताला जी पहारेकऱ्याची देवडी खचल्यासारखी दिसते, ती खचलेली नाही. गाड्यांच्या चाकोऱ्या बुजवायला लोक वर्षानुवर्षे मुरूम टाकत गेले. रस्ता वर आला आणि देवडी खाली राहिली. आत बसून झरोक्यातून पाहिले, तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा फक्त घोट्यापासून ढोपरापर्यंतचा पाय दिसतो. दसऱ्यानंतरच्या सायकल शर्यतीआधी प्रत्येक स्वार या देवडीच्या कट्ट्यावर बसतो आणि पायांचे केस काढून घेतो. शहरातले स्वार म्हणतात, त्याने वारा कमी लागतो. कोणी म्हणतात, मालिश नीट होते. कोणी म्हणतात, हे थोतांड आहे, पाय गुळगुळीत केल्याने घाट काही लहान होत नाही. आमच्याकडे मात्र ही गोष्ट सगुणेपासून सुरू होते.

फार वर्षांपूर्वी, सायकल अजून नवलाची होती तेव्हा, पठारावर सगळीकडे पानमळे होते. विड्याचे पान ऊन चढले की मान टाकते. म्हणून तांबडे फुटताना गावातले तरणे गडी सायकलीला पानांच्या पाट्या बांधून घाट उतरायचे आणि ऊन तापायच्या आत बाजार गाठायचे. सगळ्यात मोठा मळा चनगोंडा मालकांचा. वेशीचा अडसरही त्यांच्याच हुकुमाने उघडायचा. सगुणा त्यांची धाकटी सून. तिचा नवरा सिद्धू खरे तर मालकाचा मुलगा, पण बैठकीवर बसण्यापेक्षा त्याला पानवाल्या गड्यांबरोबर घाट उतरणे आवडायचे. असे सांगतात की त्याने सगुणेलाही सायकल शिकवली. मळ्यात शेवरीच्या झाडांवर पानवेल चढवलेले असतात आणि दोन ओळींमध्ये लांब, अंधारी पांद असते. त्या पांदीत ती पडत, धडपडत शिकली. बाहेर कोणाला दिसले नाही.

एका सकाळी घाटाच्या वळणावर सिद्धूची सायकल घसरली. ढोपर मुरमावर खरवडले गेले. जखम मोठी नव्हती, पण खडे आणि माती केसांत रुतून बसली आणि वर खपली धरली. येसबा न्हावी तेव्हा जखमा बांधायचा. तो म्हणाला, पाय आधी भादरू या, मग आत काय आहे ते दिसेल, धुता येईल. त्याने वस्तरा काढलाही. चनगोंडा मालकांनी त्याचा हात धरला. वडील जिवंत असताना मुलाच्या अंगाला सुतकासारखा वस्तरा लावायचा म्हणजे वडिलांचे मरण ओढवून घेणे, असे त्यांचे म्हणणे. सगुणा दाराआडून पाहत होती. येसबा परत गेला. पाय काळानिळा झाला, ताप चढला, आणि बापाचे आयुष्य राखता राखता मुलगा गेला.

सगुणेच्या पायांतले तोडे काढले. लहानपणापासून घातलेले ते तोडे गेल्यावर घोट्यांवर पांढुरकी कडी उमटून राहिली. तिला वाटले, भाऊ येईल आणि घेऊन जाईल. भाऊ आला. वेशीबाहेर ऊन उतरेपर्यंत थांबला. त्याला आतून निरोप गेला की सगुणा सुखात आहे, पान खुडायच्या दिवसांत तिला पाठवता यायचे नाही. पुन्हा आला तेव्हाही तेच. सगुणेच्या अंगठ्याला पान खुडायची पत्र्याची नखी असायची. तिच्या हाताला जशी कोवळी, अखंड पाने यायची तशी मळ्यात कोणाच्याच हाताला येत नसत, हे सासऱ्याला माहीत होते.

वर्षश्राद्ध झाले आणि सासऱ्यांनी ठरवले, थोरला मुलगा गुरुपाद याच्याशी सगुणेचा पाट लावायचा. गुरुपादला पहिली बायको होती, मुले होती. सगुणेला कोणी विचारले नाही. ती सासूच्या पाया पडून नको म्हणाली, तेव्हा सासरा ओसरीवरूनच म्हणाला, "घरचा वेल घरच्याच शेवरीला चढतो."

त्या दिवसापासून तिला मळा कोंदट वाटू लागला. पानमळ्याला वारा लागू नये म्हणून चहूबाजूंनी कूड घातलेला असतो. आत थंडावा, ओल आणि पानांचा उग्र वास. वर पाहिले तर वेल, बाजूला वेल. वेलाला शेवरीशी बांधताना तिचे हात थांबायचे, मग पुन्हा गाठ मारायचे. कूड ओलांडला तर गाव, गाव ओलांडले तर कडा, आणि जिथे कडा नाही तिथे वेस. वेशीच्या माथ्यावर रोज सकाळी गुरुपाद स्वतः उभा राहायचा. पण वरून त्याला फक्त फेटे आणि पाट्या दिसायच्या. धुळीसाठी स्वारांची तोंडे ओल्या फडक्याने बांधलेली असत. म्हणून खाली देवडीत म्हातारा राणबा बसायचा. राणबाची पाठ वाकलेली, मान वर होत नसे. पण पठारावरचा प्रत्येक पाय तो ओळखत असे. स्वार अडसरापाशी एक पाय टेकून थांबला की राणबा झरोक्यातून पाहून पुकारायचा, "निंगा गेला. तायाप्पा गेला. कल्लू गेला." मग गुरुपाद अडसर उचलू द्यायचा. राणबा कधी चुकला, असे कोणी ऐकले नव्हते. त्याच्या बापजाद्यांपासूनची ती भाकरी होती.

एके सकाळी सगुणा खाली वाकून बुंध्याची पाने खुडत होती. पलीकडच्या पांदीत पाट्या बांधायला गडी आले. वेलांखालून तिला त्यांचे पाय दिसले आणि तिने नखी लावलेला हात मागे घेतला. सगळे पाय भादरलेले होते. उघडे, पिवळट, लहान मुलांसारखे. तिला आधी भीती वाटली, मग राग आला. ही कसली थट्टा.

थट्टा नव्हती. गावात तोवर गोंधळ माजला होता. सिद्धूचा जिवलग मित्र निंगाप्पा आणि त्याच्या जोडीचे सगळे गडी येसबाकडे गेले होते आणि पाय पुढे करून बसले होते. येसबा आधी तयार होईना. बाप मेला तर माणूस डोई भादरतो; यांचे बाप तर पारावर तंबाखू मळत बसलेले. निंगाप्पाने त्याला सांगितले, की जो पायांवर जगला आणि पायाने मेला त्याचे सुतक पायांनीच धरायचे. तेव्हा येसबाने वस्तरा परजला. म्हणे, केस स्वतः गोळा करून त्याने सिद्धूच्या समाधीवर नेऊन ठेवले.

पुढचे काही दिवस त्या गड्यांना जड गेले. तायाप्पाच्या बापाने त्याला घराबाहेर काढले. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, पैंजण कधी घालणार. पारावरची म्हातारी माणसे म्हणायची, आता हळदीकुंकवालाही बोलवा यांना. पाय भादरण्यातला टोमणा आपल्यासाठी आहे, हे चनगोंडा मालकांना कळले होते. पण पाने बाजारात जायलाच हवी होती, म्हणून त्यांनी तो गिळला. केस वाढले की गडी पुन्हा भादरायचे. आणि देवडीतला राणबा पहिल्यांदाच अडखळू लागला. सगळे पाय सारखे. तो थांबायचा, पुन्हा पाहायचा, "तायाप्पा… न्हाई, बाळू," असे म्हणायचा. वरून गुरुपाद हसायचा.

पाटाचा दिवस जवळ आला. सगुणेसाठी हिरवा चुडा आणून ठेवला. त्या सकाळी निंगाप्पा पाटीला दोरी आवळत होता. सगुणा त्याच्या पाठीमागे वेल बांधत होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "वहिनी, सिद्धूची सायकल चालती का अजून?"

"हवा भरली तर चालंल."

"भरलीया. उद्या कल्लूला ताप येणार हाय."

तिला कळायला वेळ लागला. मग कळले, कल्लूच्या जागी तिने जायचे. तिने विचारले, "राणबाबा वळकंल की. माझं पाय तुमच्यासारखं कुठं हायत?"

"म्हणून तर इतकं दिस आमी आमचं पाय तुमच्यासारखं करतोय," निंगाप्पा म्हणाला आणि पाटी उचलून निघून गेला.

पाट्यांच्या ढिगात एका ओल्या गोणपाटाखाली येसबाचा वस्तरा होता. सगुणा मळ्याच्या मधोमध, पाण्याच्या सारणीत पाय सोडून बसली. विधवेच्या हातात वस्तरा, कोणी पाहिले असते तर काय झाले असते कोण जाणे. जो वस्तरा त्या दिवशी उंबऱ्यातून परत गेला होता, तोच हा. तिने तो पायावरून हळू ओढला. एकदा कापले, रक्त आले, पाण्यात वाहून गेले. पाय स्वच्छ झाले आणि घोट्यावरची पांढरी कडी आधीपेक्षा ठळक दिसू लागली. तिने माती चोळली, पानांचा रस चोळला. थोडी झाकली गेली.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना ती निघाली. सिद्धूची विजार, कल्लूचा फेटा, तोंडाला ओले फडके. पाट्यांतले पाणी गळत होते, तिच्या पायांवरून ओघळत होते, आणि वेशीपाशी पोचेपर्यंत सगळी माती धुऊन गेली. हे तिला रांगेत उभी असताना कळले. पुढे गडी, मागे गडी, बाजूला भिंत. मागे फिरायला जागा नव्हती. वर गुरुपादच्या वहाणा वाजत होत्या.

"निंगा गेला," राणबा खालून म्हणाला. "तायाप्पा गेला. बाळू गेला."

तिने झरोक्यापुढे पाय टेकला.

आवाज आला नाही. असे सांगतात की त्या वेळी पाट्यांतून ठिबकणारे पाणीही ऐकू येत होते. सगुणेला म्हातारा दिसत नव्हता. फक्त झरोक्यातला काळोख दिसत होता, आणि त्या काळोखाला तिचा घोटा दिसत होता. पाय काढून घ्यावा तर ती पकडली जाणार, ठेवावा तर तो बघत राहणार. तिने ठेवला.

"बोल की रं," वरून गुरुपाद ओरडला.

"सिद्धू गेला," राणबा म्हणाला.

गुरुपाद वरून खाली वाकला. "कोण? आरं, तो मेला की."

"पाय तसंच वाटलं, मालक," राणबाचा आवाज अगदी सरळ होता. "सगळ्यांचं पाय एकसारखं झाल्यात आता. डोळं बी गेलं माझं."

गुरुपाद मोठ्याने हसला. "चळला म्हातारा. आरं, कल्लू आसंल त्यो. सोड."

अडसर वर गेला. सगुणेने पायडल मारले. वेशीपलीकडे उतार सुरू होतो, तिथे पहिल्यांदा वारा लागतो. तिच्या उघड्या पायांना तो इतका गार लागला की ती रडत रडत उतरली, म्हणतात. ज्या वळणावर सिद्धू पडला होता तिथे निंगाप्पा आधीच थांबला होता. ती नीट वळली हे पाहून मगच तो मागून आला. खाली बाजारात, निंगाप्पाच्या निरोपावरून आलेला भाऊ उभा होता.

दुपारी मळ्यात तिची नुसती नखी सापडली, ती सापडली नाही, आणि सगळे उघड झाले. गड्यांना कोणी हात लावला नाही. पाने कोणी नेली असती? सगळा राग राणबावर निघाला. त्याची देवडी काढून घेतली. तो वाकलेल्या पाठीने बाहेर आला, वेशीतून पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला गेला आणि उताराकडे तोंड करून बसला. त्याला भाकरी मग त्या गड्यांच्या घरांतून यायची. त्याने अखेरपर्यंत एवढेच कबूल केले म्हणे, की आपल्याला दिसत नव्हते.

पुरुष ही गोष्ट सिद्धूपाशीच संपवतात. मित्राच्या सुतकासाठी पाय भादरले, म्हणून चाल पडली, एवढेच ते सांगतात. तेही खोटे नाही. सगुणेचे नाव घेतले तर आपल्या गावाने एका बाईला कोंडून ठेवले होते हेही सांगावे लागते, म्हणून ते घेत नाहीत. बायका मात्र घेतात, चुलीपाशी, हळू आवाजात.

आजही शर्यतीआधी कट्ट्यावर पोरे ओळीने बसतात. शहरातले पाहुणे हसतात, फोटो काढतात, आणि मग बहुतेक जण स्वतःही पाय पुढे करतात. आजही एक जण देवडीत उतरतो, झरोक्यातून पाय पाहून नावे पुकारतो, आणि सगळ्यांत शेवटी "सिद्धू गेला" म्हणतो. तेव्हा अडसर उचलून तसाच धरून ठेवतात आणि कोणी बोलत नाही. पुरुषांना वाटते तेवढा वेळ मेलेल्या माणसासाठी आहे. पण कडेला उभ्या असलेल्या बायकांकडे तुम्ही नीट पाहा. त्या देवडीकडे पाहत नाहीत, त्या खाली उताराकडे पाहतात, आणि गेल्या वर्षी तर माझ्या आत्यानेच अगदी हळू, "सगुणा—"

"मंदाकिनी! कुणाला काय सांगत बसलीस गं तिथं? इकडं कढईपाशी ये आधी."