आत्याबाईंची मागची टोपी

बाळांच्या बाटल्या एकमेकींशी भांडत, त्या काळची गोष्ट. एका फळीवर होडीच्या आकाराची, काचेची जुनी बाटली राहायची. सगळ्या तिला आत्याबाई म्हणत. तिच्या एका टोकाला निपल होतं आणि दुसऱ्या टोकाला हवा आत घेणारी रबरी टोपी.

शेजारी उभ्या बांध्याची नवी बाटली आली. आत्याबाईंची टोपी पाहून ती फणकारली, "शी! मागे भोक ठेवून कुणी दूध सांभाळतं का? माझं बघा. एकच तोंड, तेही घट्ट!"

दुपारी तान्ही वेणू भुकेली झाली. नवी काठोकाठ भरलेली होती. चार घोट गेले आणि निपल चपटं होऊन मिटलं. वेणू जीव खाऊन ओढी, पण थेंब येईना. तिनं टाहो फोडला.

नवी रडकुंडीला आली. "आत्याबाई, सगळं तिच्यासाठीच आहे हो, पण देताच येत नाही!"

"अगं खुळे, नुसती देत सुटलीस. थोडं घेशील की नाही? झाकण सैल कर, वारा येऊ दे आत."

तिनं झाकण किंचित सैल केलं. बुडबुडे उठले, दूध वाहू लागलं आणि वेणू चुटुचुटु पिऊ लागली.

संध्याकाळी नवी धुऊनपुसून फळीवर आली, ती आत्याबाईंना खेटूनच बसली. झाकण तिनं सैलच ठेवलं होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आणखी काही सांगा ना."