स्क्रेवोगची धक्क्यावरची घंटा

वर मनोऱ्याकडे कशाला बघताय? तिथे काही नाही. खिडकी आहे, खिडकीत समुद्रपक्ष्यांची घरटी आहेत आणि त्यांची घाण आहे. स्क्रेवोगच्या या कॅथेड्रलला, म्हणजे बिशपाच्या मोठ्या चर्चला, एवढा दगडी मनोरा आहे आणि त्यात घंटा नाही. घंटा इथे खाली, धक्क्यावर, या ओंडक्यांच्या चौकटीत टांगलेली आहे. तिला आत लोलकही नाही. बाजूला ही लाकडी मोगरी आहे ना, हिनेच बडवायची. लोकांना वाटतं बांधणाऱ्यांनी आळस केला. आळस नाही केला.

मी या गावात बोटीवरचा स्वयंपाकी म्हणून उतरलो तो उतरलोच. ही गोष्ट मला इथल्या मासे सुकवणाऱ्या म्हाताऱ्यांनी सांगितली. शिकलेले लोक वेगळी सांगतात. तशी ऐकायची असेल तर समोर म्युझियम आहे, खुशाल जा.

असं सांगतात की चर्चच्या भिंती उभ्या करण्यात इथल्या तीन पिढ्या गेल्या. शेवटी घंटेची वेळ आली तेव्हा गावात तांबं उरलं नव्हतं. मग बायकांनी चुलीवरच्या कढया, पातेली, हंडे आणून दिले. सगळं वितळवून या धक्क्यावरच घंटा ओतली. पुढे कित्येक वर्षं गाव मातीच्या मडक्यात शिजवून खात होतं. म्हणून या घंटेवर बायकांचा जीव.

पण नियम असा, की बिशपाने आशीर्वाद दिल्याशिवाय घंटा वाजवायची नाही. वाजली तर ती बाटली, पुन्हा वितळवायची. कोणी चाळा करू नये म्हणून हल्वार नावाच्या इथल्या पाद्रीने तिचा लोलक काढून पेटीत कुलूप लावून ठेवला होता.

बिशप दूरच्या गावाहून समुद्रातून यायचा होता. त्याला आणायला गावातले सगळे पुरुष होड्या घेऊन गेले. परत येताना, भर दुपारी, धुकं उतरलं. इथलं धुकं तुम्ही पाहिलेलं नाही. आपलाच हात आपल्याला परका वाटतो. आणि खाडीच्या तोंडाशी ते काळे खडक, दिसतायत ना, ते तेव्हाही होते.

बायका धक्क्यावर जमल्या. जाळ केला, तो दिसेना. हाका मारल्या, त्या पोचेनात. त्यांच्यात ओसा नावाची एक होती. तिचा नवरा इवार पहिल्या होडीच्या सुकाणूवर होता. ती घरी गेली आणि मोगरी घेऊन आली. इथला सुकवलेला मासा लाकडासारखा असतो, आपला सुका बोंबील त्याच्यापुढे पापड. तो मोगरीने बडवल्याशिवाय शिजत नाही. ती मोगरी घेऊन ओसा घंटेसमोर उभी राहिली.

हल्वार पाद्री आडवा आला. "ओसाबाई, घंटा बाटेल!"

"बाटू दे. उद्या वितळवा."

"उद्या वितळवा?" मागून एक म्हातारी ओरडली. "माझ्या आईची कढई आहे तिच्यात. पुन्हा भट्टीत घालायची?"

"मावशे, तुमचा म्हातारा जेवायला कसा यायचा?" ओसाने विचारलं.

"कसा म्हणजे? कढईवर पळी आपटली की यायचा. बहिरा मेला, दुसरं काही ऐकतच नाही."

"मग आपटू दे की!"

मग म्हातारीनेच पाद्रीला कोपराने बाजूला सारलं, असं म्हणतात.

ओसाने पहिला टोला दिला. तिचे हात भरून आले की दुसरी, मग तिसरी. पाद्री कानांवर हात ठेवून उभा होता. पण बायकांचा टोला कधी घाईत, कधी सावकाश. अशा आवाजावरून दिशा कशी कळणार? थोड्या वेळाने पाद्रीने कानांवरचे हात काढले आणि खेकसला, "अहो बायांनो, एकसारखं मारा! तिकडे माणसं वाट शोधतायत, तुम्ही भांडी काय घासताय!" आणि मग तोच मोठ्याने ताल धरायला लागला.

धुक्यातून पहिली इवारची होडी आली. तिच्या मागोमाग बाकीच्या. एक खडकावर फुटली, पण तिच्यातली माणसं दुसरीने उचलून घेतली. म्हातारीचा म्हातारा उतरला तो विचारत, "काय शिजवलंय?" बिशप मात्र पिवळा पडला होता. रस्ताभर ओकत आला होता बिचारा. तो खाली उतरला आणि दगडांवर तसाच बसून राहिला.

पाद्री त्याच्यापुढे गुडघ्यावर आला. "महाराज, घंटा बाटली. बायकांनी वाजवली. आणि ताल मी धरला होता."

ओसा मोगरी घट्ट धरून उभी होती. गावाच्या कढया आता पुन्हा भट्टीत जाणार की काय, म्हणून सगळ्या बायका बिशपाच्या तोंडाकडे बघत होत्या.

बिशपाने तोंड पुसलं. म्हणाला, "आशीर्वाद मोठ्याने लहानाला द्यायचा असतो. या घंटेमुळे मी जमिनीवर बसलोय. हिला मी कुठल्या तोंडाने आशीर्वाद देऊ?"

"पण आशीर्वादाशिवाय मनोऱ्यात चढवता येत नाही, महाराज."

"मग नका चढवू. इथे ती यांच्या हाताशी आहे."

एवढंच बोलला आणि गरम काहीतरी प्यायला मागितलं. शहाणा माणूस. म्हणूनच मनोरा रिकामा राहिला, लोलक पेटीतच राहिला आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

आजही धुकं आलं की ज्याला पहिलं दिसेल त्याने येऊन मोगरी उचलायची, कोणाला विचारायचं नाही. आणि आजही नवा बिशप आला की तो आधी या धक्क्यावर उतरतो. होड्यांना आशीर्वाद देतो, जाळ्यांना देतो, समोर येईल त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवतो. फक्त या घंटेपाशी आला की दोन्ही हात पाठीमागे बांधतो, मान खाली घालतो आणि पुढे जातो.