दुभाष्याने वाचलेला ताम्रपट

पूर्वी कांपिल्य नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दुभाष्याच्या घरी जन्मला. हिमालयातल्या किरातांची बोली त्याने बापाकडून शिकून घेतली आणि पुढे तोच दरबारचा दुभाषी झाला.

त्याच नगरात भद्रसेन नावाचा कातड्यांचा व्यापारी होता. तरुणपणी तो मीठ घेऊन किरातांच्या खोऱ्यात गेला आणि बर्फात अडकला. तेव्हा वस्तीची प्रमुख थोकमा हिने त्याला सारा हिवाळा घरात ठेवून जगवले. पुढे मूठभर मिठाला पाणमांजराचे एक कातडे घेत तो गबर झाला. राणीला त्याने त्याच कातड्यांचे मऊ केसाळ प्रावरण नजर केले आणि उत्तर सीमेचा अमात्य होऊन बसला.

नद्यांतली पाणमांजरे संपत आली, तशी त्याची नजर खोऱ्यावरच गेली. त्याने ताम्रपट कोरवून त्यावर राजाची मुद्रा उमटवून घेतली: ‘हे खोरे भद्रसेनाचे, इथली माणसे त्याचे दास.’ मग म्हाताऱ्या थोकमाला माणसांसह दरबारात बोलावले आणि दुभाष्याला बाजूला घेतले.

“राजा दरसाल फुकट मीठ देणार, एवढेच त्यांना सांग. संमतीच्या कापडावर त्यांचे हात उमटले की एक गाव तुझे.”

“आपण त्यांच्या घरी जेवला आहात, अमात्य.”

“म्हणून तर त्यांचा माझ्यावर विश्वास आहे,” भद्रसेन हसला.

बोधिसत्त्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दरबारात त्याने पट शब्दन् शब्द किरातांच्या बोलीत वाचला. लाखेच्या रंगात बुडवलेला थोकमाचा हात वरच थांबला. ती जे बोलली, तेही त्याने राजाला तसेच ऐकवले: “या माणसाची बोटे बर्फाने काळी पडली होती. मी ती पोटाशी धरून ऊब दिली. आज तीच बोटे माझ्या नातवंडांच्या गळ्याला?”

“खोटे बोलतोय हा!” भद्रसेन ओरडला.

“महाराज, मी एक अक्षर वाढवले असेल तर माझी जीभ छाटा,” बोधिसत्त्व म्हणाला. “पण न वाचता आपण या पटावर मुद्रा उमटवलीत कशी?”

राजाने मान खाली घातली आणि पट वितळवायला लावला. भद्रसेनाचे पद मात्र गेले नाही. राणीला नवे प्रावरण हवे होते. पद गेले ते दुभाष्याचे. तो थोकमाबरोबर खोऱ्यात गेला आणि मरेपर्यंत किरातांच्या प्रत्येक सौद्यात त्यांच्या बाजूने उभा राहिला.

राजाच्या एका महामात्राने वनवासींचे रान लाटल्याचे ऐकून भिक्षू संतापले होते, त्यांना शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, “तेव्हाचा भद्रसेन म्हणजे आजचा हा महामात्र. थोकमा म्हणजे संघातली ही वृद्ध भिक्षुणी सोणुत्तरा, आणि दुभाषी मीच. भिक्षूंनो, तुमच्यासारखाच मीही संतापलो होतो. त्या संतापातही पदरचे एक अक्षर घातले नाही, ती माझी सत्यपारमिता.”