काट्यांना वाहिलेल्या अक्षता

एकदा एका डोंगरवाडीच्या देवराईत वणवा शिरला. पिढ्यान्‌पिढ्या जिथे कुऱ्हाड गेली नव्हती, तिथे राखेखेरीज काही उरले नाही. काळकाई देवीची शिळा उघडी पडली. राईच्या पोटातला झरा हळूहळू आटला आणि वाडीतल्या बाया पाण्यासाठी दरी उतरू लागल्या.

देवीची पूजा एका वृद्ध साधूंकडे होती. त्यांच्या शिष्याने मनोमन संकल्प सोडला, गुरूंचे डोळे मिटण्याआधी देवीवर सावली धरायची. त्याने राख झाडली, जळके ओंडके बाहेर ओढले, शिळेभोवती बेल आणि चाफा ओळीने लावला. वर्षामागून वर्षे खांद्यावरून पाणी वाहिले. रोपे उन्हात करपली. तगली ती गुरांनी खाल्ली. माजल्या त्या कुणी न लावलेल्या करवंदीच्या जाळ्या.

गुरू तापाने अंथरुणाला खिळले, तसा शिष्याचा धीर सुटला. ‘‘देवीच्या अंगणात हे काटे!’’ म्हणत त्याने जाळ्या खणून काढायला आरंभ केला. शेवटची एक उरली असता गुरू काठी टेकत आले आणि तिच्यापुढेच बसले. देवीसाठी आणलेले गंध, अक्षता त्यांनी काट्यांना वाहिल्या.

दरीतून हंडा घेऊन वर चढणारी वाडीतली सगुणा थबकली. ‘‘अवो बाबा, देवी उन्हात आन् पूजा काट्याची? ताप डोक्यात गेला जनू!’’

शिष्य लाजेने काळवंडला. ‘‘गुरुदेव, उठावे. एवढी निघाली की आवार शुद्ध होईल.’’

‘‘आत हात घाल.’’

मनगट ओरबाडून निघाले. तळाशी गारवा होता, कुजका पाला होता आणि त्यात जांभळाचे वीतभर रोप. ‘‘हे कुणी लावले?’’

‘‘करवंद खायला आलेल्या पाखराने. ऊन काट्यांनी झेलले, गुरांचे तोंडही त्यांनीच अडवले. बाळा, राईतली वाळकी काटकीसुद्धा हलवू नये, हा पूर्वजांचा दंडक. तू तो मोठ्या वृक्षांपुरता मानलास. जळल्या भूमीवर आधी गवत येते, मग काटे. काट्यांच्या कुशीत झाड वाढते आणि झाडाची सावली दाटली की काटे आपसूक सरतात. ज्याची पाळी आधी, त्याला आधी येऊ द्यावे. तुझ्या भक्तीत खोट नाही. पण देवीचे अंगण तुला आज, तुझ्या हाताने सजलेले हवे होते.’’

सगुणेचा आवाज उतरला. ‘‘मंग झरा कवा वाहील, बाबा?’’

‘‘वाहीलच असे सांगवत नाही. वाहिला, तर तुझ्या नातवंडांच्या काळात.’’

‘‘घरधनी म्हनतो, खालच्या गावाला जाऊ. म्या अडून बसले हुते, देवीला सोडून कसं जायचं म्हून.’’

‘‘जा, माय. तहानेल्या लेकराला धीर धर म्हणू नये. देवीला मी सांगेन.’’

तिने शिळेकडे पाहून हात जोडले आणि ती उतरणीला लागली.

शिष्य खणलेल्या ढिगापाशी गेला. एकेक जाळी उलटून पाहू लागला. मुळांच्या गुंत्यात इवली रोपे लोंबत होती, जांभळाची, हिरड्याची, काही नावही ठाऊक नसलेली. सारी वाळली होती. वणव्यानंतर जे परत आले होते, ते त्याने सेवा म्हणून उपटले होते.

‘‘गुरुदेव, आपल्याला सावली दिसणार नाही?’’

‘‘तुलाही नाही.’’

खालून गुरे चढत होती. शिष्य उठला आणि त्या एकट्या जाळीपुढे आडवा उभा राहिला.