कोठीवाली मुंगी आणि मोहाचा बहर

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात मुंग्यांचं एक मोठं वारूळ होतं, आणि त्याच्या तळघरात एक कोठीवाली मुंगी छताला धरून लटकलेली असे. कोठीवाली म्हणजे काय ते आधीच सांगते, नाहीतर मध्येच विचाराल. या वारुळात मडकी नव्हती की डबे नव्हते. बाहेरच्या मुंग्या फुलांचा गोड रस तोंडातून आणत आणि कोठीवालीच्या तोंडात ओतत. ती तो आपल्या पोटात सांभाळून ठेवी. टंचाईच्या दिवसांत कुणी येऊन तिच्या गालावर मिशांनी हळूच टकटक केलं, की ती एक थेंब काढून देई. अशा कोठीवाल्या तिथे चारच होत्या. आणि वारुळाची रीत अशी, की रस घेऊन आलेल्या मुंगीला माघारी पाठवायचं नाही. आपली ही कोठीवाली तर स्वभावानं फारच गरीब. "ओता हो, मावेल अजून," एवढंच तिला बोलता येई.

त्या वर्षी मोह असा काही फुलला, की काही विचारू नका! वारुळाच्या दाराशीच फुलांचा सडा. रस आणायला चार पावलंसुद्धा चालावं लागेना. सकाळी रस, दुपारी रस, संध्याकाळी पुन्हा रस. टंचाई आलीच नाही, त्यामुळे थेंब मागायला कुणी खाली फिरकेना. बाकीच्या तिघी काठोकाठ भरल्या, तरी नुसतं ओतणं चाललेलं. कोठीवालीचं पोट ताणून ताणून इतकं पातळ झालं, की आतला रस बाहेरून दिसे. तिला धाप लागे, पाय लटपटत. आणि जाता-येता बाकीच्या मुंग्या हसत, "बघा गं ही ढोली! जागची हलत नाही, नुसती खाते!" अगं भवान्यांनो, तिनं स्वतःसाठी एक थेंब तरी जास्त घेतला होता का? मला अजून राग येतो या मुंग्यांचा.

एके दिवशी मात्र तिला सोसवेना. मुंगी फार घाबरली, की तिच्या अंगातून एक उग्र वास सुटतो. तीच त्यांची धोक्याची घंटा. तो वास वर पोचला आणि शिपाई मुंग्या धावत खाली आल्या.

"कुठे आहे शत्रू?" त्यांनी विचारलं.

"शत्रू नाही हो कुणी," कोठीवाली कण्हत म्हणाली. "मलाच आता पेलवत नाही."

पण शिपायांना एकच काम शिकवलेलं. वास आला, की चावायचं. शत्रू सापडेना, तेव्हा त्या भिंतींना चावल्या, छताला चावल्या आणि शेवटी कोठीवालीच्या पायालाच चावल्या. ती आणखी घाबरली, वास आणखी सुटला, आणखी शिपाई आले. तळघर नुसतं तापलं. तिच्या तोंडून रस गळू लागला आणि ओघळत ओघळत थेट पिल्लांच्या खोलीत शिरला. इवली इवली अंडी त्या चिकट रसात रुतून बसली.

आता जरा थांबा, आणि आपल्या पोटावरची कातडी चिमटीत धरा बघू. हसू नका, धरा! तिच्याखाली अशाच कोठ्या आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या, अगणित. त्यांना चरबीच्या पेशी म्हणतात. जास्तीचं अन्न त्या आपल्यासाठी जपून ठेवतात, उपासाच्या वेळी काढून देतात. पण ओतणं थांबलंच नाही, की त्या फुगतात, शिणतात आणि मदतीची हाक मारतात. मग शरीरातले शिपाई धावत येतात, तिथे शत्रू नसतोच, आणि आग मात्र धुमसत राहते. न मावलेली चरबी यकृतात जाऊन बसते, जिथे तिची जागा नाही. लठ्ठपणाचं दुखणं ते हेच. तेव्हा वर्गात कुणाला "ढब्ब्या" म्हणून हाक मारलीत, तर माझ्याशी गाठ आहे. बरं, पुढे ऐका.

शिपायांची नायकीण कडाडली, "हा सगळा पसारा या ढोलीचा! ओढा हिला आणि वारुळाबाहेर टाका!"

बाहेर टाकणं म्हणजे मरणच. एवढं पोट घेऊन तिला दोन पावलंही चालता आलं नसतं. चार शिपायांनी तिचे पाय धरले. तिनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात पिल्लांची दाई दारात येऊन आडवी उभी राहिली. खरं तर सगळ्यांत जास्त नुकसान तिचंच झालं होतं. अंडी पुसून पुसून तिचे हात भरून आले होते.

"बाई, तुझीच पिल्लं रुतलीत ना? मग तू का अडवतेस?" नायकिणीनं विचारलं.

"म्हणूनच अडवते," दाई म्हणाली. "ही गेली तर उद्याचा रस कुठे ओताल? माझ्याच खोलीत येईल तो. इतके दिवस हिनं पोटात धरला म्हणून पिल्लं जगली. हिला हाकलू नका गं. हिचं ओझं उतरवा. जड झालीय ती!"

नायकिणीनं शिपायांना मागे व्हायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दाराशी फुलांचा खच पडला, तरी पोटापुरताच रस आत येऊ लागला. भूक लागावी म्हणून बाकीच्या मुंग्या मुद्दाम लांब लांब फिरायला जात, दमून येत आणि खाली उतरून कोठीवालीकडे एकेक थेंब मागत. दाईनं चार नव्या कोठीवाल्याही तयार केल्या, म्हणजे भार वाटला जाईल. हे काही एका दिवसात झालं नाही हं. कित्येक आठवडे गेले. हळूहळू पोटाचा ताण उतरला, तो उग्र वास थांबला आणि एका सकाळी कोठीवाली छतावरून उतरून चार पावलं चालली.

तिच्या पायाला चावलेल्यांतली एक शिपाई मुंगी त्या दिवशी तळघरात आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

"थेंब हवा का गं?" कोठीवालीनं विचारलं.

"नको. तेव्हा... फार दुखलं का तुला?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "हो," कोठीवाली म्हणाली, "फार दुखलं." आणि ती पोटभर रडली. शिपाई मुंगी कुठेही न जाता तिच्याजवळ बसून राहिली.

तात्पर्य : फुगलेल्या अंगाला हावरट म्हणून हिणवू नये. जी पेशी आपल्यासाठी साठवते तीही ओझ्यानं शिणते, तेव्हा तिच्यावर चिडण्याऐवजी तिचा भार हलका करावा.