आखूड माळ

"…पण झोपलेल्याला कळणार कसं, बाबा, कुणी हाक मारली ते?"

भानुनाथबाबा शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

पराग दाभाडे हा पुण्याहून आलेला इंजिनिअर. हुशार होता, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. घाटमाथ्यावरच्या या नाथांच्या मठात त्याने महिनाभर मुक्काम ठोकला होता, तो काही मोक्षासाठी नव्हे. मठाखालच्या उतारावर त्याने बिनतारी यंत्राच्या डब्या पुरल्या होत्या. माती सरकली की खालच्या डबीने वरच्या डबीला सांगायचं, तिने तिच्या वरच्या डबीला. असं करत निरोप मठातल्या खांबावरच्या यंत्रापर्यंत पोचायचा आणि तळवाडीत भोंगा वाजायचा. तळवाडी म्हणजे उताराच्या पायथ्याची धनगरांची घरं. दरड आली तर थेट त्यांच्या अंथरुणावर.

आता दरड काही रोज येत नाही. डब्यांना बोलायला काही नव्हतंच. तरी त्यांचे सेल आठवड्याभरात संपले, कुणी बोलतंय का म्हणून नुसता कान लावून बसण्यात. आणि पावसाळ्यात त्या निसरड्यावर सेल बदलायला कोण जाणार?

म्हणून परागने डब्यांना झोपायला शिकवलं. हवं तेव्हा झोपा, मधूनच उठून कानोसा घ्या. झालं! एक हाक मारी तेव्हा दुसरी झोपलेली. मग त्याने फर्मावलं, उत्तर मिळेपर्यंत हाका मारत राहा. तर हाका मारणारीचे सेल आणखी लवकर संपले. आगीतून फुफाट्यात. पाऊस तोंडावर आला होता, आणि परागला तळवाडीच्या माणसांकडे बघवत नव्हतं.

"बाबा, तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय की," बाबा म्हणाले, आणि त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

पराग चिडला. ज्यांना साधा रेडिओ लावता येत नाही त्यांना आपण विचारतोय तरी काय, असं मनाशी पुटपुटत तो उठला आणि वळणाजवळची डबी बघायला उतारावर गेला.

तो निम्म्यात पोचला आणि ढग खाली उतरले. पुढचं पाऊल दिसेना. डावीकडे कडा आहे एवढं त्याला माहीत होतं. डावीकडे किती, ते आता कळत नव्हतं. तो ओरडू लागला. बाबांच्या नावाने, देवाच्या नावाने, शेवटी आईच्या नावाने. मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हता.

घसा बसला तेव्हा नाइलाजाने गप्प झाला…

आणि वरून शिंग ऐकू आलं.

मठाचं शिंग. एकच लांब फुंक, मग काहीच नाही. त्याने फाटक्या आवाजात ओ दिली. थोड्या वेळाने शिंग पुन्हा वाजलं, या खेपेला त्याच्या बाजूला तोंड करून. फुंक, ओ. फुंक, ओ. असा तो दगड चाचपत वर आला.

बाबा उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर शिंग, हातात माळ. तिथली जुनी रीतच होती ती, खालच्या वाड्यावाड्यांना ठाऊक असलेली. धुकं आलं की मठाने एकदा शिंग फुंकायचं, एक माळ ओढून होईपर्यंत कान द्यायचा आणि मगच पुन्हा फुंकायचं. वाट चुकलेल्याने शिंग होईतो तोंड उघडायचं नाही, झालं की ओ द्यायची. पराग महिनाभर मठात जेवला होता. ते शिंग खुंटीला कशासाठी टांगलंय, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"केवढा ओरडत होतो मी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "झोपला होतात का तुम्ही?"

"नाही रे. तू ओरडत होतास, मी फुंकत होतो. दोघंही जागेच होतो."

शिंग वाजत होतं तेव्हा आपण ऐकतच नव्हतो, हे परागला उमगलं.

मग आत जाऊन त्याने लॅपटॉप उघडला. सगळ्या डब्यांना एकच वेळ नेमून दिली. एकदमच उठायचं, एकमेकींचं ऐकायचं, एकदमच झोपायचं. मध्ये कुणी चकार शब्द काढायचा नाही. मधली झोप जितकी लांब, तितके सेल टिकणार. त्याने ती चांगली ऐसपैस ठेवली आणि बाहेर आला तो जुनाच पराग होऊन.

"दिवाळीपर्यंत सेलला हात लावायला नको, बाबा."

बाबांनी हातातली माळ त्याच्या हातात दिली. त्याने ती बोटांवरून फिरवली. लगेच संपली.

"आखूड आहे ही."

"पूर्वी पुरी होती. माझ्या गुरूंच्या वेळी धुक्यात एक जण अडकला. त्याला धीर निघाला नाही. पुढचं शिंग व्हायच्या आतच चालू लागला."

"कुठे?"

बाबांनी डावीकडे पाहिलं…

"त्या दिवशी गुरूंनी मणी काढले."

परागची बोटं माळेवरच थांबली. मातीने वाट पाहिली नाही तर, हा विचार त्याच्या ऐसपैस हिशेबात कुठेच नव्हता. त्याला शरम वाटली, आणि भीतीही.

"मग मी किती मणी ठेवू, बाबा?"

बाबा शेंगांची टरफलं गोळा करत होते.

"झड लागली की एक रात्र तळवाडीत झोपायला जा. मग ठरव."