कादंबांच्या थव्यातली राणी

एका राज्यात, नाव घेऊन जिभेला विटाळ कशाला, एक राजा होता. राजा कसला, मुकुट अडकवायचा खुंट! काळजंघ जादूगाराने शापित खजिना पुढे केला आणि बदल्यात राणी मृगावती मागितली. मेल्याने दिली! राणीने जादूगाराला वरायचं नाकारलं, तेव्हा त्याने तिला कादंब, म्हणजे रानातला हंस, करून तळ्यावरच्या थव्यात सोडलं. इकडे राजाने दवंडी पिटवली की राणी आपल्या पायांनी निघून गेली.

तळ्यावरच्या टिटवीने सारं पाहिलं होतं. तिने उडत जाऊन राणीच्या बहिणीला, चंपावतीला, ते सांगितलं, कादंबाच्या खुणाही सांगितल्या. चंपावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने राजाला दरबारातून उठवलं आणि तळ्यावर आणलं.

तळ्याकाठी बसलेला काळजंघ म्हणाला, "तीन परीक्षा. राणी ओळखलीत तर शाप तुटेल. चुकलात तर सांजेला थवा बर्फाच्या डोंगरांपलीकडे जाईल. राणी पुन्हा दिसणार नाही."

परीक्षा सुरू होण्याआधीच राजा पुढे झाला. राणी म्हणजे पांढरीशुभ्रच असणार, असं म्हणून त्याने बोट दाखवलं ते बगळ्याकडे. इतकी वर्षं संसार केला, आणि बगळा! चंपावतीने त्याला मागे सारलं.

पहिल्या परीक्षेत तिचे डोळे बांधले. डोक्यावरून बदकं गेली, क्रौंच गेले. मग नाकातला, बसका आवाज आला, आंग आंग. "हे कादंब," ती म्हणाली. दुसऱ्या परीक्षेत जादूगाराने साऱ्या पाखरांची वाचा बांधली. तिने राखी अंग पाहिलं, नारिंगी पाय पाहिले, पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे पाहिले आणि कादंब वेगळे काढले.

तिसरी परीक्षा त्यांतली राणी ओळखायची. सगळ्यांचे पट्टे तेच, हाक तीच. सूर्य कलला. चंपावतीला रडू फुटलं, पण तिने ते गिळलं आणि मोठ्याने राजाची दवंडी दिली, "ऐका हो ऐका! राणी मृगावती आपल्या पायांनी निघून गेली!"

थवा खाली मान घालून गवत खात राहिला. एकच पक्षीण मान ताणून फुत्कारली, जादूगाराला ओलांडून धावली आणि तिने राजाची पोटरी धरली.

"हीच माझी ताई," चंपावती म्हणाली.

शाप तुटला. खजिन्याचे कोळसे झाले आणि काळजंघ चिखलातला बेडूक झाला. राणी उभी राहिली, रागाने थरथरत. राजा लगबगीने म्हणाला, "राणी, आम्ही ओळखलं तुम्हांला. चला महाली."

राणीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आम्ही तुम्हांला ओळखत नाही," ती म्हणाली.

पुढे सिंहासनावर तीच बसली आणि प्रजा सुखाने जेवू लागली. मृगावतीचा शाप सुटला तसा साऱ्या लेकीसुनांचा सुटो. त्या राजासारख्यांना लागलेला 'ओळखत नाही'चा शाप मात्र कधी सुटू नये.